शिबा पाळायचा असेल तर: जपानमधील मराठी कुटुंबांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

तोक्योच्या एदोगावा प्रभागात, निशी-कासाईच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी दर वर्षी दोन-तीन जण तरी मला विचारतात की शिबा या जपानी जातीचा कुत्रा घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय काय करावे लागते. आमच्या घरी गेली सहा वर्षे खारीक नावाचा तांबूस शिबा आहे. तो येण्यापूर्वी आम्ही जे वाचले होते त्यातले निम्मे उपयोगी पडले नाही, आणि जे कोणीच सांगितले नव्हते त्याने मात्र पहिल्या वर्षभर आमची दमछाक केली. कागदपत्रांचे काम चार दिवसांत उरकते. स्वभाव समजायला वर्ष जाते. म्हणून या लेखात स्वभावाचा भाग आधी आणि विस्ताराने घेतला आहे.

थोडी ओळख. ‘शिबा इनू’ या नावातील ‘इनू’ म्हणजेच कुत्रा, त्यामुळे ‘शिबा इनू कुत्रा’ म्हणणे म्हणजे पिवळे पीतांबर झाले. जपानी माणसे बहुधा ‘शिबा-केन’ किंवा नुसते ‘शिबा’ म्हणतात. जपानच्या सहा मूळ जातींपैकी ही आकाराने सर्वांत लहान. अकिता, काई, किशू, शिकोकू आणि होक्काइदो या बाकीच्या पाच. डोंगराळ मुलखात पक्षी आणि लहान जनावरांच्या शिकारीसाठी हे कुत्रे पाळले जात. मूळ जाती परदेशी कुत्र्यांशी संकर होऊन नाहीशा होऊ लागल्या तेव्हा १९२८ साली ‘निहोन-केन होझोनकाई’ ही संवर्धन संस्था स्थापन झाली आणि १९३६ साली शिबाला नैसर्गिक वारशाचा सरकारी दर्जा मिळाला. पुढे महायुद्धातील उपासमार आणि त्यानंतरची डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाची साथ यांतून जे थोडे कुत्रे वाचले, त्यांच्यापासून आजचा शिबा पुन्हा उभा राहिला. संस्थेच्या मानकानुसार नराची खांद्यापर्यंतची उंची ३८ ते ४१ सेंटिमीटर आणि मादीची ३५ ते ३८ सेंटिमीटर असते. वजन साधारणपणे ८ ते ११ किलो भरते. हा वजनाचा आकडा लक्षात ठेवा, कारण तो पुढे दोनदा आडवा येणार आहे.

१. पिल्लू पाहण्याआधी स्वभाव पाहा

त्याच मानकात शिबाच्या स्वभावासाठी तीन शब्द दिलेले आहेत: कान्-ई, र्‍योसेई आणि सोबोकु. कान्-ई म्हणजे अंगातील धमक आणि दरारा, र्‍योसेई म्हणजे मुळातला भलेपणा आणि सोबोकु म्हणजे बडेजाव नसलेला साधेपणा. प्रदर्शनासाठी लिहिलेले हे शब्द घरात कसे दिसतात, हे समजून घेतल्याशिवाय पिल्लू पाहायला जाऊच नये. कारण आठ आठवड्यांचे शिबाचे पिल्लू पाहून नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सर्वांत आधी त्याचे अंतर राखणे. जपानीत यासाठी ‘शिबा-क्योरी’ असा खास शब्दच रूढ झाला आहे; क्योरी म्हणजे अंतर. मी संध्याकाळी कामाला बसले की खारीक खोलीत येतो, माझ्यापासून दीड हातावर, माझ्याकडे पाठ करून पसरतो आणि एक कान तेवढा माझ्या दिशेने मागे वळवून ठेवतो. हात पुढे केला तर तो उठतो, एक पाऊल सरकतो आणि पुन्हा तसाच पसरतो. पहिल्या वर्षी मला वाटे की याला आपण आवडत नाही. मग लक्षात आले की मी स्वयंपाकघरात गेले की तो तिथे येतो, गॅलरीत गेले की गॅलरीच्या दारात येतो; फक्त अंतर तेवढेच ठेवतो. ही त्याची सोबत करण्याची रीत आहे आणि ती मान्य असेल तरच हा कुत्रा घ्यावा. मांडीवर झोपणारा, दारात आलेल्या प्रत्येकावर उड्या मारणारा कुत्रा हवा असेल तर दुसऱ्या पुष्कळ जाती आहेत.

स्पर्शाच्या बाबतीत एक नियम आम्ही घरातल्या सर्वांना आणि पाहुण्यांनाही घालून दिला आहे: त्याने जवळ यावे, आपण जाऊ नये. आला की वरून डोक्यावर हात न नेता गळ्याच्या बाजूला किंवा छातीवर खाजवावे, तीन सेकंदांनी थांबावे आणि त्याने पुन्हा अंग पुढे केले तरच चालू ठेवावे. मागून मिठी मारणे, झोपेतून उठवणे, खाताना भांड्यात हात घालणे या गोष्टी कोणत्याच कुत्र्याला आवडत नाहीत. शिबा आपली नापसंती इतरांपेक्षा लवकर आणि स्पष्ट कळवतो. त्यामुळे घरात चालायला लागलेले मूल असेल तर मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार ‘क्योही-शिबा’, म्हणजे नकार देणारा शिबा. फिरायला निघालेला कुत्रा एखाद्या वळणावर अचानक बसकण मारतो, चारही पाय रोवतो आणि तुम्ही दोरी ओढली की गालांचे मांस गळपट्ट्यावर चढून त्याचा चेहरा उकडीच्या मोदकासारखा होतो. रस्त्यावरचे लोक हसून फोटो काढतात. आपण मात्र आठ वाजून दहाची गाडी चुकवत असतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ओढाताण. शिबाची मान जाड आणि डोके त्या मानाने निमुळते असल्याने तो मागे सरकून पट्ट्यातून सुटू शकतो, आणि सुटलेला शिबा हाकेला परत येईल या भरवशावर राहू नये. दोरी सैल सोडावी, आपण त्याच्या बाजूला उभे राहावे, दिशा बदलून पाहावी, आणि नकाराचे कारण शोधावे. ऑगस्टमध्ये रस्ता तापलेला असतो, कधी पंजात खडा रुतलेला असतो. आमच्या खारकेच्या बाबतीत ते वळण डॉक्टरांकडे जाणारे असते.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. शिबा हा कमालीचा टापटिपीचा प्राणी आहे. पंजे चाटून साफ करतो, चिखल टाळतो आणि घरात घाण करायला पिल्लूपणापासूनच नाखूश असतो. हे ऐकून सगळ्यांना आनंद होतो, परंतु यातच एक सापळा आहे. पुष्कळ शिबा मोठे झाल्यावर घरात शी-शू करण्यास साफ नकार देतात आणि मग सप्टेंबरमधील तुफानाच्या रात्रीही छत्री घेऊन बाहेर जावे लागते. म्हणून पिल्लू बाहेर फिरायला लागल्यानंतरही घरातील किंवा गॅलरीतील शोषक चादरीवर जाण्याची सवय मोडू देऊ नये. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि त्याची किंमत आम्ही अजून मोजतो आहोत.

चौथी गोष्ट आवाजाची. शिबा उगाच भुंकत बसत नाही, पण नखे कापताना किंवा जबरदस्तीने धरले असता जी किंकाळी फोडतो ती ऐकून शेजारी पोलिसांना बोलावतील अशी भीती वाटते. आम्ही खालच्या मजल्यावरील आजींकडे मिठाईचा खोका घेऊन आधीच जाऊन आलो आणि असा आवाज आला तर तो मारण्याचा नसून नखांचा आहे, हे सांगून ठेवले.

२. घराचा करार बारकाईने वाचा

भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ‘पेत्तो-का’ म्हणजे प्राण्यांना परवानगी, आणि ‘पेत्तो-सोदान’ म्हणजे विचारून पाहा. दुसऱ्याचा अर्थ पहिला समजू नये. प्राणी असेल तर शिकिकिन, म्हणजे अनामत रक्कम, बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी जास्त घेतात. ती परत मिळणार आहे की घर सोडताना कापली जाणार आहे, हे लेखी विचारावे.

खरा घोळ आकाराच्या शब्दात असतो. संवर्धन संस्थेच्या वर्गवारीत शिबा हा लहान, म्हणजे ‘कोगाता’. पण अनेक इमारतींच्या नियमांत कोगाता म्हणजे १० किलोंच्या आतला कुत्रा, आणि त्यापुढचा मध्यम, म्हणजे ‘चूगाता’. आमच्या करारात ‘कोगाता-केन, एकच’ एवढेच लिहिले होते. खारीक अकरा महिन्यांचा झाला, वजनकाट्यावर १०.४ किलो भरला, आणि इमारतीचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीचे अत्यंत नम्र भाषेतील पत्र आले. शेवटी करारास पुरवणी जोडून आणि आणखी अनामत भरून प्रश्न मिटला, पण दोन महिने आम्ही दुसरे घर शोधत होतो. तेव्हा करारात ‘शिबा-केन’ असा जातीचा स्पष्ट उल्लेख करून घ्या आणि पूर्ण वाढीचे अंदाजे वजन लिहून द्या.

३. पिल्लू कोठून घ्यावे

दुकान, थेट पैदासकार आणि प्राणी दत्तक देणाऱ्या संस्था असे तीन मार्ग आहेत. दत्तक संस्थांकडे प्रौढ शिबा वारंवार येतात, आणि स्वभाव आधीच कळलेला असल्याने नवख्या कुटुंबासाठी हा मार्ग चांगला आहे. मात्र काही संस्था परदेशी नागरिकांकडून व्हिसाची मुदत आणि जपानमधील हमीदार मागतात. पिल्लूच हवे असेल तर माझा कल पैदासकाराकडे आहे, कारण तेथे आई पाहता येते. आई अनोळखी माणसाशी कशी वागते, हे पाहिल्यावर पिल्लाबद्दल निम्मे कळते.

जपानच्या कायद्यानुसार कुत्रा विकण्यापूर्वी ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवून समोरासमोर माहिती देणे बंधनकारक आहे. म्हणून केवळ फोटोवर पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी. ५६ दिवसांच्या आतील पिल्लू विकण्यास २०२१ पासून बंदी आहे. शिबासह सहा मूळ जाती पैदासकार थेट ग्राहकास विकत असेल तर ही मर्यादा ४९ दिवस आहे. परवानगी असली तरी मी आणखी एक-दोन आठवडे पिल्लू आईजवळ आणि भावंडांत राहू द्यावे असेच सांगेन, कारण चावण्याचा जोर किती ठेवायचा हे ते तिथेच शिकते.

‘मामे-शिबा’ या शब्दापासून सावध राहा. मामे म्हणजे घेवड्याचा दाणा. लहानखुरा शिबा असा त्याचा अर्थ. निहोन-केन होझोनकाई किंवा जपान केनेल क्लब यांनी याला वेगळी जात मानलेले नाही. जास्त पैसे देऊन घेतलेला दाणा वर्षभरात पूर्ण आकाराचा शिबा झाल्याची उदाहरणे आमच्याच बागेत दोन आहेत.

पैदासकारास पुढील गोष्टी जरूर विचारा:

– वंशावळीचा दाखला कोणत्या संस्थेचा आहे आणि तो केव्हा मिळेल?
– आईवडिलांची जीएम-१ या आनुवंशिक आजाराची जनुक चाचणी झाली आहे का? या आजारात पिल्लू पाच-सहा महिन्यांपर्यंत निरोगी दिसते, मग त्याचा तोल जाऊ लागतो, आणि त्यावर उपचार नाही.
– घराण्यात कातडीची खाज, गुडघ्याची वाटी सरकणे किंवा काचबिंदू यांचा इतिहास आहे का?
– पिल्लाला आतापर्यंत कोणत्या लसी व जंताची औषधे दिली आहेत?

४. नोंदणी आणि कागदपत्रे

रेबीजची भीती घेऊनच वाढलेल्या आपल्या पिढीला हे खरे वाटत नाही, पण जपानमध्ये १९५७ नंतर देशांतर्गत रेबीज झालेला प्राणी आढळलेला नाही. याचे श्रेय १९५० च्या रेबीज प्रतिबंधक कायद्याला आहे आणि म्हणूनच तो आजही लागू आहे.

कुत्रा घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि पिल्लू ९१ दिवसांहून लहान असेल तर ते ९१ दिवसांचे झाल्यावर ३० दिवसांच्या आत, प्रभाग कार्यालयात किंवा होकेन्जोमध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्य केंद्रात, नोंदणी करावी लागते. ही नोंदणी आयुष्यात एकदाच होते आणि कुत्र्याचा धातूचा बिल्ला मिळतो. रेबीजची लस दर वर्षी टोचून तिचा वेगळा बिल्ला घ्यावा लागतो. दोन्ही बिल्ले गळपट्ट्यावर असले पाहिजेत. चुकवेगिरीस २ लाख येनपर्यंत दंड आहे.

याशिवाय मायक्रोचिप. १ जून २०२२ पासून विक्रेत्याने चिप बसवूनच कुत्रा द्यायचा असतो, पण चिपवरील मालकाचे नाव बदलण्याचे काम आपले असते आणि तेही ३० दिवसांत. लोक येथेच चुकतात. चिप बसलेली आहे म्हणजे काम झाले असे समजतात आणि कुत्रा हरवल्यावर दूरध्वनी जातो पैदासकाराला. काही नगरपालिकांत चिपची नोंदणी हीच प्रभागाची नोंदणी धरली जाते आणि काहींत धरली जात नाही. हे कार्यालयात विचारून घ्या. घर बदलले की पत्ता दोन्हीकडे बदलायचा असतो.

सोबत ठेवायची कागदपत्रे:

– तुमचे निवासी कार्ड, त्यावर सध्याचा पत्ता
– खरेदीचा किंवा दत्तकाचा करार
– चिपच्या नोंदणीचा दाखला, त्यावरील १५ अंकी क्रमांक
– रेबीज लसीचा डॉक्टरांनी दिलेला दाखला
– मिश्र लसींचा दाखला (कुत्र्यांचे मैदान, पाळणाघर, केस कापण्याचे दुकान सगळीकडे मागतात)
– वंशावळीचा कागद, असल्यास
– घरमालकाच्या संमतीची प्रत

जाता जाता नावाविषयी. अर्जावर कुत्र्याचे नाव बहुधा काताकाना या जपानी लिपीत लिहावे लागते, म्हणून ते जपानी तोंडात बसेल असे निवडा. आम्ही रंगावरून ‘खारीक’ ठेवले. दवाखान्यातील मदतनीस बाईंनी ते ‘गार्लिक’ ऐकले, तसेच कार्डावर छापले, आणि सहा वर्षे आमचा कुत्रा तेथे ‘लसूण-चान’ म्हणून ओळखला जातो. लसूण कुत्र्यांना विषारी असतो, हे त्या बाईंनीच हसत हसत सांगितले.

५. पहिले तीन महिने

घरी आणण्याआधी ही सामग्री हवी: दार बंद होणारा कडक प्लास्टिकचा पिंजरा, शोषक चादरी, जड बुडाचे पाण्याचे भांडे, गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही, दोन दोऱ्या, चावायची खेळणी, आणि गेनकानमध्ये, म्हणजे जोडे काढण्याच्या जागेत, लावायला एक जाळीचे फाटक. हे फाटक ऐच्छिक समजू नका. उघड्या दारातून सटकणे हा शिबाचा हातखंडा आहे, आणि पार्सलवाल्यासाठी दार उघडे राहायला अर्धा मिनिट पुरतो.

सवय लावण्याचा मोलाचा काळ साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा असतो, आणि त्यातील अर्धा पिल्लू आपल्याकडे येण्याआधीच गेलेला असतो. लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर सोडता येत नाही, म्हणून पिल्लू घरातच ठेवण्याची चूक अनेक जण करतात. त्याला कुशीत किंवा झोळीत घेऊन रोज बाहेर न्यावे: रेल्वेचा पूल, शाळा सुटण्याची वेळ, सायकली, छत्र्या, टोपी घातलेली माणसे, सारे काही लांबून, शांतपणे पाहू द्यावे.

याच काळात रोज एक मिनिट पंजा हातात धरावा, एक नख फक्त कापणीला टेकवावे, खाऊ द्यावा आणि सोडून द्यावे. कान उचलून पाहावा, ओठ वर करून दात पाहावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच टाळले जाते. मग वर्षभराच्या शिबाची नखे कापायला तीन माणसे लागतात. ओरडून किंवा मारून शिबा काही शिकत नाही, तो फक्त तुमच्या हाताचा हिशेब ठेवतो. शिकवणीचे सत्र पाच मिनिटांचे असावे आणि त्याला कंटाळा येण्याच्या आत संपावे.

फिरताना गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्हींना वेगळी दोरी लावा. तोक्योमध्ये सार्वजनिक जागी कुत्रा मोकळा सोडण्यास अध्यादेशानेच मनाई आहे. आराकावा नदीचा बांध कितीही मोकळा दिसला तरी तेथेही दोरी सोडायची नाही. सोबत विष्ठेसाठी पिशव्या आणि मूत्रावर ओतायला पाण्याची बाटली हवी, आणि पिशवी घरीच आणायची असते. दुसऱ्या कुत्र्याशी गाठ घालण्याआधी मालकाला विचारावे. आपल्याच लिंगाच्या कुत्र्याशी, त्यातही नराचे नराशी, शिबाचे पटेलच असे नाही.

६. रोजची देखभाल

शिबाची लव दुहेरी असते: वर राठ केस आणि आत कापसासारखी मऊ लव. वसंतात आणि शरदात ती आतली लव उतरते आणि तीन-चार आठवडे घर गादी उसवल्यासारखे होते. या दिवसांत रोज दहा मिनिटे, एरवी आठवड्यातून दोनदा, केस विंचरावेत. उन्हाळ्यात गरम होत असेल म्हणून लव कातरून टाकू नये; ती उन्हापासूनही संरक्षण करते आणि पुन्हा नीट उगवेलच असे नाही. आंघोळ महिन्यातून एकदा पुष्कळ झाली. आतली लव मुळापर्यंत कोरडी करावी, विशेषतः जून-जुलैच्या त्सुयूमध्ये, म्हणजे पावसाळ्यात. ओलसर राहिली की खाज सुरू होते.

सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर चालणे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये तळहात रस्त्यावर पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही. आम्ही त्या दिवसांत पहाटे पाचला बाहेर पडतो.

आहारात मराठी स्वयंपाकघराचा धोका मोठा आहे आणि तो कोणत्याही जपानी पुस्तकात सापडणार नाही. कांदा आणि लसूण कच्चे, शिजवलेले, तळलेले किंवा मसाल्याच्या भुकटीत, कोणत्याही रूपात कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. त्यातही शिबा आणि अकिता यांच्यात काही कुत्र्यांच्या रक्तपेशींत पोटॅशियम मुळातच जास्त असते आणि अशा पेशी कांद्याने अधिक सहज फुटतात. म्हणजे रश्शात बुडवलेला पोळीचा तुकडा, आमटीचे भांडे चाटायला देणे, पोह्यांचे उरलेले दोन घास, हे सारे बंद. एका पावसाळी रविवारी आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने दोन कांदाभजी खारकेसमोर टाकली. तास उलटण्याआधी आम्ही दवाखान्यात होतो, डॉक्टरांनी उलटी करवली आणि पुढचे चार दिवस मी त्याच्या हिरड्यांचा रंग आणि लघवी पाहत होते, कारण लक्षणे लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. हिरड्या फिकट झाल्या किंवा लघवी तांबूस-तपकिरी झाली तर रात्र असली तरी निघायचे. शिऱ्यातील बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले च्युइंगगम हीही याच यादीत.

कोरडी, तुपाविना पोळीचा छोटा तुकडा चालतो. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दोन वेळा मोजून खाणे द्यावे आणि बरगड्या हाताला लागतील पण डोळ्याला दिसणार नाहीत, एवढे वजन राखावे.

७. आजार आणि डॉक्टर

शिबाला सर्वांत जास्त सतावते ती कातडीची अॅलर्जी. पंजे सतत चाटणे, कान खाजवणे, पोटावर लाली ही सुरुवात असते आणि घरगुती तेल-हळद लावत बसण्यापेक्षा लवकर दाखवणे स्वस्त पडते. डोळा लाल किंवा धूसर दिसून कुत्रा तो मिटून घेत असेल तर काचबिंदूची शंका धरून त्याच दिवशी जावे. स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरणे गमतीचे दिसते, पण तो शेपूट चावू लागला किंवा हाकेनेही थांबेना, तर डॉक्टरांना सांगावे. या जातीत ही खोड विकोपाला जाते.

डासांपासून होणाऱ्या हृदयकृमीचे औषध तोक्यो परिसरात साधारण मे ते डिसेंबर दर महिन्याला द्यायचे असते. हंगामाची पहिली गोळी रक्ततपासणीशिवाय देऊ नये, कारण कृमी आधीच असतील तर गोळीच घातक ठरू शकते.

शिबा १४-१५ वर्षे सहज जगतात. म्हातारपणी जपानी जातींत स्मृतिभ्रंश वारंवार दिसतो: रात्री रडणे, एकाच दिशेने गोल फिरणे, कोपऱ्यात अडकून राहणे. चादरीवर जाण्याची जी सवय पहिल्या पायरीत सांगितली, तिचा उपयोग तेव्हा कळतो.

८. भूकंप आणि प्रवास

पर्यावरण मंत्रालयाच्या मार्गदर्शनानुसार आपत्तीत कुत्र्याला सोबत घेऊनच निघायचे असते, पण याचा अर्थ निवारा केंद्रात तो तुमच्याशेजारी झोपेल असा नाही. बहुतेक ठिकाणी प्राणी वेगळ्या जागी पिंजऱ्यात ठेवतात. म्हणून पिंजऱ्यात शांत झोपण्याची सवय हीच खरी तयारी. किमान पाच दिवसांचे, शक्यतो सात दिवसांचे खाणे-पाणी, औषधे, दाखल्यांच्या प्रती आणि तुम्ही आणि कुत्रा एकत्र असलेला एक फोटो पिशवीत तयार ठेवा.

वजनाचा आकडा दुसऱ्यांदा आडवा येतो तो रेल्वेत. जेआरच्या गाड्यांत प्राणी बंद पेटीत नेता येतो, पण पेटीसह वजन १० किलोंच्या आत हवे. पूर्ण वाढलेला नर शिबा त्यात बसणे अवघडच. हाकोनेला जाऊ म्हणून तिकिटे काढलेल्या एका मित्राला ऐनवेळी मोटार भाड्याने घ्यावी लागली. दवाखाना पायी जाता येईल एवढ्या अंतरावर निवडण्याचे हेही एक कारण आहे.

९. भारतात परतायचे असेल तर

हा विचार कुत्रा घेण्याच्या दिवशीच करावा, कारण बदली झाली म्हणून शिबा देऊन टाकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पाळीव कुत्रा सामानासोबत भारतात आणण्याची मुभा मुख्यतः परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी भारताच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून ना-हरकत दाखला आधी मिळवावा लागतो आणि कुत्रा मुंबईसारख्या ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतो. पुण्याला थेट नेता येत नाही. जपान सोडताना तेथील प्राणी विलगीकरण कार्यालयाची निर्यात तपासणी होते, आणि त्यात चिपचा क्रमांक व रेबीजच्या दाखल्यावरील क्रमांक अंकागणिक जुळावा लागतो.

हवामानाचा विचारही करा. मुंबईच्या दमट हवेत दुहेरी लवेच्या कुत्र्याला वर्षातील बरेच महिने वातानुकूलित खोली लागेल, आणि जपानमध्ये वाढलेल्या कुत्र्याला आपल्याकडील गोचीड-तापाशी गाठ बहुधा पहिल्यांदाच पडेल. तेव्हा गोचीड प्रतिबंधक औषध विमानात चढण्याआधीच सुरू असावे. गल्लीतील कुत्री जवळ आली की शिबा सलोखा करायला जात नाही, म्हणून फिरण्याची वेळ आणि रस्ता पोहोचण्याआधी नातेवाइकांना विचारून ठरवा. आणि आपले तिकीट काढण्याआधी आगमनाचा विमानतळ नक्की करा, कारण ना-हरकत दाखल्यावर कुत्र्याच्या आगमनाचा विमानतळ लिहिलेला असतो आणि तो ऐनवेळी बदलून मिळेल असे गृहीत धरता येत नाही.